भाडं विचारलंत, मुदत नाही

(पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून)

डिचोली तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई ६८ वर्षांच्या, अनुदानित मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. सासरच्या जुन्या घरात माडीवरच्या खोलीत राहतात, खाली दोन दीर आणि त्यांची कुटुंबं. गुडघे दुखतात, माडीचा जिना उभा, न्हाणी मागच्या अंगणात. पेन्शन महिना ३३,००० रुपये, त्यातले साधारण ३,५०० औषधांना जातात. एकुलती मुलगी पर्वरीत, सासूसह दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. तिने जवळच्याच इमारतीत १७,००० रुपये भाड्याचा वन बीएचके पाहिला आहे. याआधी दोन ठिकाणी दलालाने ‘एकट्या म्हाताऱ्या बाईला मालक देत नाहीत’ असं सांगून वाटेला लावलं. ज्येष्ठांसाठीच्या एका प्रकल्पात चौकशी केली, तर भाडं आणि जेवणखाण मिळून आकडा पेन्शनच्या वर गेला. दीर भले आहेत, यजमानांच्या आजारपणात रात्री-अपरात्री गाडी त्यांनीच काढली. पण आता म्हणतात, ‘वहिनी, जाणारच असाल तर तुमच्या वाट्याचं लिहून देऊन जा. दुरुस्तीसाठी बँकेचं कर्ज काढायचंय.’

बाईंचे प्रश्न तीन. पणजीच्या आसपास उपनगरात ज्येष्ठांसाठीचं, परवडेल असं भाड्याचं घर कुठे मिळेल? नाहीच मिळालं तर वृद्धाश्रम बघावा का? आणि दिरांना लिहून द्यावं का?

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. घर शोधायला चार महिने लागले तरी बिघडत नाही, सही मात्र एका दुपारी होऊन जाते. लिहून देऊ नका. निदान आत्ता नको, आणि वकिलाला दाखवल्याशिवाय तर कधीच नको.

दिरांच्या मनात काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. पण दुसरीकडे राहायला जाणं आणि घरावरचा हक्क सोडणं या दोन गोष्टी त्यांनी एका वाक्यात बांधल्या आणि तुम्ही त्या तशाच उचलल्यात. तुम्ही पर्वरीला राहायला गेलात म्हणून गावच्या घरातला तुमचा वाटा कमी होत नाही. गोव्यात तर मुळीच नाही. इथे घरगुती बाबतींत अजून १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो, आणि वारसाहक्काची बाजू आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात आली आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, आणि त्यात नवऱ्याला त्याच्या आईवडिलांकडून आलेला वाटाही धरतात. म्हणजे यजमानांचा त्या घरात जो काही हिस्सा होता, त्यातला अर्धा तुमचा होताच. तो ते गेल्यावर मिळालेला नाही, लग्नामुळे मिळालेला आहे. उरलेल्या अर्ध्याची वारस तुमची मुलगी. त्यामुळे तुम्ही एकट्याने सही करून हे प्रकरण मिटतही नाही, हे दिरांनाही समजावून सांगता येईल.

कर्जासाठी बँक सगळ्या सहमालकांच्या सह्या मागते, तेव्हा दिरांची अडचण खरी असणार. पण दुरुस्तीला संमती देणं वेगळं, कर्जाच्या कागदावर सही करणं वेगळं (तिथे कर्जाची जबाबदारी अंगावर येऊ शकते) आणि हक्क सोडणं तिसरंच. लग्नाच्या नोंदणीचा दाखला शोधून ठेवा, यजमानांच्या मृत्यूनंतर वारसांचा कागद झालाय का ते बघा, आणि न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पेन्शन आहे म्हणून आपल्याला मिळणार नाही, असं समजून पुष्कळ जणी तिकडे फिरकतच नाहीत.

याचा तुमच्या भाड्याशी संबंध आहे, म्हणून इतकं लिहिलं. समजा उद्या सगळ्यांच्या संमतीने, रीतसर इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची न्यायालयातली प्रक्रिया) होऊन, दिरांनी तुमचा वाटा पैसे देऊन घेतला आणि तुमच्या हातात १५ लाख आले. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ते ठेवलेत, तर ८.२ टक्के दराने महिन्याला १०,२५० रुपये पडतात, दर तीन महिन्यांनी खात्यात येतात. १५ लाख हा आकडा मी उदाहरणाला घेतला, तुमच्या घराची किंमत मला ठाऊक नाही. पण जो कागद तुम्ही जाता जाता लिहून द्यायला निघालात, त्यात तुमचं बरंचसं घरभाडं असू शकतं, एवढं ध्यानात असू द्या.

आता घराकडे येते.

ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेले प्रकल्प गोव्यात मोजकेच, आणि त्यांचं गिऱ्हाईक वेगळं. मुंबई-दिल्लीचं घर विकून येणारे, नाहीतर परदेशातून परतणारे. तिथे हिरवळ, परिचारिका, व्यायामशाळा, जेवणघर, सगळ्याचे पैसे भाड्यात मोजावे लागतात, वापरा नाहीतर नका वापरू. तुमच्या पत्रातून तुमच्या गरजा मला फार थोड्या दिसल्या: जिना नको, न्हाणी घरात हवी, औषधाचं दुकान चालत जाता येईल इतकं जवळ, आणि रात्री हाक मारली तर ऐकायला कोणीतरी. एवढं साध्या इमारतीतही मिळतं. न्हाणीघरात धरायला स्टीलच्या दोन दांड्या, फरशी घसरत असेल तर खरखरीत मॅट, बिछान्यापाशी दिव्याचा खटका, असं केलं की तुमचं ज्येष्ठांसाठीचं घर तयार. भिंतीला भोकं पाडायची परवानगी करारात लिहून घ्या म्हणजे झालं.

जिन्याबद्दल मात्र नीट बघा. पर्वरी-ताळगावच्या नव्या इमारतींत खाली गाड्यांची जागा असते, त्यामुळे ‘पहिला मजला’ म्हणजे वीसेक पायऱ्या आल्याच. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या तीनमजली इमारतींत लिफ्ट नाही, पण तळमजल्याला फ्लॅट असतात. तळमजल्याला पावसात ओल येते, डास येतात, खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला घर दिसतं, म्हणून लोक नाक मुरडतात आणि भाडं थोडं उतरतं. तुमच्या गुडघ्यांना तेच घर बरं. लिफ्टची इमारत असेल तर वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हे दलालाला न विचारता दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालातरी विचारा.

१७,००० चं काय? ३३,००० मधून १७,००० भाडं. मेंटेनन्स, वीज, पाणी, गॅस मिळून ३,५०० धरू. औषधं ३,५००. उरले ९,०००. त्यात जेवण, भांडी-लादीची बाई, चतुर्थीला गावी जाणं-येणं आणि नातवंडांचं काय ते. आज हे कसंबसं बसतं. पण करारात दर नूतनीकरणाला १० टक्के वाढ असेल, तर पाच वाढींनंतर भाडं २७,००० च्या वर जातं. ५ टक्के असेल तर २१,७०० च्या आसपास. आणि तुम्ही १२,००० पासून सुरुवात केलीत नि वाढ ५ टक्क्यांवर रोखलीत, तर तेवढ्याच काळानंतर १५,३००. पेन्शनचा महागाई भत्ता वाढतो हे खरं, पण औषधांचं बिलही याच वयात वाढतं.

म्हणून मला तुमच्या प्रश्नात एक गोष्ट हरवलेली दिसते. तुम्ही भाडं किती ते विचारताय, मुदत किती ते नाही. ६८ व्या वर्षी सामान हलवणं जमेल. ७१ व्या वर्षी पुन्हा, ७३ व्या वर्षी पुन्हा, असं झालं तर प्रत्येक वेळी फक्त ट्रकचं भाडं जात नाही. शेजारी किल्ली ठेवण्याइतका विश्वास तयार झालेला असतो, औषधवाल्याला तुमच्या गोळ्या पाठ असतात, पोदेर दारात थांबून पाव देऊन महिन्याने पैसे घेत असतो. ते सगळं पहिल्यापासून. महिन्याला हजार-दीड हजार जास्त मोजून पाच वर्षं निर्धास्त राहता येत असेल, तर माझ्या मते ते घर स्वस्त.

गोव्यात ही मुदत मिळवणं अवघड आहे आणि त्याची कारणं समजली की बोलणी करायला सोपं जातं. नेहमीचा करार अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते आणि मालकाला ती कटकट, खर्च आणि धोका वाटतो. धोका का? गोव्यात १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा आहे, आणि पणजी-मडगावच्या जुन्या इमारतींत नाममात्र भाड्यावर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या भाडेकरूंच्या गोष्टी प्रत्येक मालकाने ऐकलेल्या असतात. ‘एकदा बसला की उठत नाही’ ही भीती इथे मालकाच्या रक्तात आहे. दुसरं कारण पर्यटनाचं. किनारपट्टीच्या गावांत, आणि आता पर्वरीतही, दिवसाच्या भावाने फ्लॅट देणारे मालक आहेत. जूनमध्ये तुम्हाला स्वस्तात मिळालेलं घर ऑक्टोबर उजाडला की परत मागतात. करारात अकरा महिने लिहिलेले असले, तरी मालकाला कधीही एका महिन्याच्या नोटिशीवर घर रिकामं करून घेता येत असेल, तर त्या अकरा महिन्यांना अर्थ नाही.

तर मागा काय? तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेला. नोंदणीचा खर्च तुम्ही अर्धा उचलायची तयारी दाखवा. वाढ वर्षाला ५ टक्के, आकडा करारात लिहिलेला. पहिली दोन वर्षं मालकाने काढायचं नाही, तुम्हाला मात्र आजारपणामुळे सोडावं लागलं तर दोन महिन्यांच्या नोटिशीवर सुटका. डिपॉझिट किती दिवसांत परत, तेही लिहा. रंगकाम आणि किरकोळ दुरुस्तीचे पैसे डिपॉझिटमधून कापायची गोव्यात फार सवय आहे, तेव्हा घर ताब्यात घेताना मुलीला मोबाइलवर भिंती, नळ, फरशा सगळ्यांचे फोटो काढायला सांगा. मालक तीन वर्षांना अजिबात तयार नसेल आणि माणूस बरा असेल, तर अकरा महिन्यांवरही जा, पण नूतनीकरणाची वाढ आणि नोटिशीचा काळ मात्र पहिल्याच करारात लिहून घ्या.

‘एकट्या म्हाताऱ्या बाईला देत नाहीत’ हे वाक्य तुम्हाला लागलं, ते पत्रात दिसतं. मी ते जरा वेगळं वाचते. मालकाला तुमच्या वयाची अडचण नाही, पुढे होणाऱ्या धावपळीची आहे. उद्या बाई आजारी पडल्या तर दवाखान्यात कोण नेणार, बरंवाईट झालं तर सामान कोण हलवणार, घर किती महिने अडकून पडणार? हे तोंडावर बोलता येत नाही म्हणून दलाल वयाचं नाव सांगतो. तेव्हा त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच आधी द्या. मुलीचं नाव करारात दुसरी लायसन्सी म्हणून घाला, किंवा तिचं वेगळं पत्र जोडा: आईला राहणं शक्य न झाल्यास मी ६० दिवसांत घर रिकामं करून देईन, तोवरचं भाडं माझ्याकडून. सोबत पेन्शनचा बँकेतला सहा महिन्यांचा उतारा. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे येणारी निवृत्त शिक्षिका ही मालकाच्या दृष्टीने किती चांगली भाडेकरू आहे, हे दलाल सांगणार नाही, ते तुम्हीच सांगायचं. पोलीस ठाण्यात भाडेकरूची पडताळणी करावी लागते, त्याचा फॉर्म मालकाने पुढे केला तर अपमान वाटून घेऊ नका, तो सगळ्यांनाच भरावा लागतो. आणि मासे चालतात का, तेही विचारून घ्या. गोव्यात हा प्रश्न विचारावा लागतो याचं हसू येतं, पण काही सोसायट्यांत आणि काही मालकांकडे लागतो.

आता एक वाट, जी दलाल सहसा दाखवत नाहीत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण दर पाच घरांमागे एक घर रिकामं सापडलं होतं. आखातात, लंडनला, बोटीवर असलेल्या माणसांचे फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूप लावून पडलेले असतात. गोव्याच्या पावसाळ्यात बंद घराचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको: कपाटाला बुरशी, दाराला फुगारा, भिंतीला काळे डाग. अशा मालकाला भाड्यापेक्षा घर उघडं-वापरतं ठेवणारं, मेंटेनन्स वेळेवर भरणारं माणूस हवं असतं. गजबज करणारे चार तरुण त्याला नको असतात. इथे तुमचं वय ही जमेची बाजू आहे, आणि भाडं घासाघीस करून खाली आणता येतं. असे फ्लॅट सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनला माहीत असतात.

यात दोन गोष्टी सांभाळा. करारावर सही करणाऱ्याकडे मालकाचं मुखत्यारपत्र आहे का ते बघा, नुसता ‘भाऊ आहे’ चालणार नाही. आणि मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल, तर भाड्यातून कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी कायद्याने भाडेकरूवर येते, भाडं कितीही कमी असलं तरी. हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळतं. एखाद्या सीएला आधीच विचारा, आणि त्याची फी किती, ती कोण भरणार, तेही मालकाशी बोलून घ्या.

जागा कुठली? पर्वरी मुलीमुळे तुमच्या डोक्यात बसली आहे. तिथे हाउसिंग बोर्डाची जुनी वसाहत आहे, मराठी भवन आहे, तुमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांची बरीच घरं आहेत. पण भाडी चढी, उन्हाळ्यात पाण्याची ओरड जुनीच, आणि हमरस्त्यावर उड्डाणमार्गाचं काम काढल्यापासून धूळ आणि वाहनांची रांग यांनी लोक कावलेत. मुलगी रस्त्याच्या एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला असलात, तर नकाशावरचं अर्धं किलोमीटर तुम्हाला एकटीला ओलांडता येणार नाही. हे बघितल्याशिवाय त्या घराला हो म्हणू नका.

मेरशी आणि सांताक्रूझ मी तुमच्या जागी असते तर आधी पाहिले असते. पणजीचा कदंबा बसस्टँड जवळ, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) जवळ, आणि इमारती मध्यमवर्गीय. भाग सखल आहे, तेव्हा पावसात रस्त्यावर पाणी किती तुंबतं ते शेजाऱ्यांना विचारा. ताळगाव सपाट, दुकानं हाताशी, पण विद्यापीठ आणि दोनापावल जवळ असल्याने विद्यार्थी आणि नोकरदार मुलं भाडी वर नेतात. रायबंदर शांत, मांडवीकाठी, मात्र घरं जुनी आणि फ्लॅट कमी.

फोंड्याचं नाव तुमच्या पत्रात नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. कुर्टी, ढवळी, बांदोडे, कवळे या भागांत पणजीच्या उपनगरांपेक्षा कमी भाड्यात घर मिळतं. उपजिल्हा इस्पितळ आहे, राजीव गांधी कलामंदिरात नाटकं-भजनं, मंगेशी-म्हार्दोळ-शांतादुर्गा जवळ, आणि बाजारात मराठीत बोललं की मराठीत उत्तर. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, कदंबाच्या शटल बस दिवसभर. मुलगी रोज भेटणार नाही हा त्याचा तोटा. पण ती आत्ता तरी रोज भेटते का?

आणि डिचोली? साखळी? तिथे भाड्याचा तळमजल्याचा फ्लॅट बघायचं तुमच्या मनातही आलं नाही, कारण घर सोडायचं म्हणजे गाव सोडायचं असं तुम्ही धरून चाललात. तुमचं दुखणं जिन्याचं आणि न्हाणीचं आहे. चाळीस वर्षांच्या ओळखीची माणसं, तुमचे विद्यार्थी, देवळाचं भजनी मंडळ, हे सगळं सोडून पर्वरीच्या चौथ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसायची वेळ आली, तर गुडघे बरे राहतील, दिवस जाणार नाही. अवघड दुखणं उपटलं तर बांबोळीला जावं लागेल हे खरं, पण १०८ ची रुग्णवाहिका डिचोलीतही येते, आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तुम्ही राज्यात कुठेही राहिलात तरी तेच. मी गावच निवडा म्हणत नाही. यादीत असू द्या.

शोधायचं कसं ते थोडक्यात. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिराती आणि दलाल चालू ठेवा (घर मिळालं तर एक महिन्याचं भाडं दलाली जाते, ते धरून चाला), पण जास्त भरवसा माणसांवर ठेवा: निवृत्त शिक्षकांचे गट, देवस्थानची माणसं, औषधाच्या दुकानात बसणारा, चर्चच्या फलकावरच्या चिठ्ठ्या. मुलीला हा मजकूर पाठवायला सांगा: ‘निवृत्त शिक्षिका, एकट्या, सरकारी पेन्शन. मेरशी, सांताक्रूझ, ताळगाव किंवा फोंडा परिसरात तळमजला अथवा लिफ्ट असलेला वन बीएचके हवा. बंद ठेवलेला फ्लॅट चालेल, घर जपून वापरू. भाडं १२ ते १३ हजार, तीन वर्षांचा नोंदणीकृत करार, मुलगी हमी देईल.’ यात ‘तातडीने’ हा शब्द घालू नका, घासाघीस तिथेच संपते.

घर पावसात बघायला मिळालं तर उत्तम. जुलैत भिंती खोटं बोलत नाहीत. नाहीतर वरच्या कोपऱ्यांत आणि पलंगामागच्या भिंतीवर नवा रंग फासलाय का ते पाहा. मागचं वीजबिल मागा, थकबाकी असेल तर ती आधी मालकाने भरायची. पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का आणि लागला तर पैसे कोण देतं? संध्याकाळी सात-साडेसातनंतर बस मिळते का? खासगी बसगाड्या अंधार पडला की विरळ होतात, आणि मोटरसायकल पायलटच्या (दुचाकी टॅक्सीवाल्याच्या) मागे बसणं तुमच्या गुडघ्यांना झेपणारं नाही. रुग्णवाहिका दारापर्यंत येते का, स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावतं का, हेही बघा. हे विचारताना संकोच वाटतो, तर मुलीला विचारू द्या.

वृद्धाश्रमाचं एवढंच: तुमची ती गरज आज नाही. प्रोव्हेदोरियाचे (सरकारच्या सार्वजनिक साहाय्य संस्थेचे) आश्रम मुख्यतः ज्यांना कोणी नाही, उत्पन्न नाही, त्यांच्यासाठी आहेत. चर्च आणि खासगी संस्थांचेही आहेत, त्यांतले दोन-तीन सवडीने बघून ठेवा, वेटिंग लिस्ट कशी चालते ते विचारा. पुढे कधी एकटीने अंघोळ-जेवण जमेनासं झालं तर घाईत निवड करावी लागू नये म्हणून. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत मदतवाहिनीही आहे, नंबर फोनमध्ये टाकून ठेवा.

राहता राहिली मुलगी. तिने जवळ घर पाहिलं याचा अर्थ तिला तुम्ही जवळ हव्या आहात, हे उघड आहे. पण ती नोकरी करत असेल तर सकाळी निघून दिवेलागणीला परतणार, घरी सासूबाई. तिच्याशी एकदा जावयांसकट स्पष्ट बोला: आठवड्यातून किती वेळा येणं होईल, रात्री फोन केला तर कोण निघेल, भाड्यात ती काही घालणार असेल तर किती नि किती वर्षं, आणि हमीच्या पत्रावर सही करायला जावयांची हरकत नाही ना. याची उत्तरं हाती आली की पर्वरी, मेरशी, फोंडा की डिचोली हे ठरवणं तुम्हाला जड जाणार नाही. ते १७,००० चं घर तोवर गेलं तर जाऊ द्या. आणि काहीही ठरलं तरी पहिले अकरा महिने माडीवरची खोली रिकामी करू नका. कपाट, पलंग, किल्ली तिथेच राहू द्या. चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला तुम्ही तिथे जाणारच आहात.